चार पायांचा कोळी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "नोकरीबद्दल बोलायचं नाही, मुलांच्या ॲडमिशनबद्दल तर मुळीच नाही. ज्यातलं तुला कळतं पण कुणी विचारत नाही, असं काहीतरी सांग." मला वीस मिनिटं दिली आहेत. म्हणून मी आज एका कोळ्याबद्दल बोलणार आहे. कोपऱ्यात जाळं विणतो तो कोळी नव्हे. आपले शेतकरी मित्र वांग्यावर, भेंडीवर 'लाल कोळी पडला' म्हणतात ना, त्याच्या जातकुळीतला. पण त्याहून कितीतरी लहान, आणि मी म्हणेन, त्याहून कितीतरी विचित्र.

मागच्या रांगेत आपल्या जीवशास्त्राच्या बाई बसल्या आहेत. बाई, दहावीनंतर मी जीवशास्त्र सोडलं ते बेडूक चिरावा लागू नये म्हणून. पुढे इंजिनिअरिंग, मग सॉफ्टवेअर, आणि वीस-बावीस वर्षं स्क्रीनपुढे गेली. लॉकडाऊनमध्ये घरून काम सुरू झालं तेव्हा कॉम्प्युटरला जोडायचा एक छोटा सूक्ष्मदर्शक मी मागवला होता. भाजीच्या देठापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत घरातलं सगळं त्याखाली घालून झालं, आणि मग खाली अंगणातलं करंजाचं पान आलं. तिथून हे वेड लागलं. तेव्हा मी जे सांगणार आहे ते पोटापाण्याच्या विद्येतलं नाही. वाचलेलं आहे आणि डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

करंजाचं पान सगळ्यांना आठवत असेल. शाळेच्या मैदानाच्या कडेला ओळीनं करंज होते, अजून तीन उभे आहेत. पावसाळ्यात त्यांच्या पानांवर बोटांसारख्या, कधी खिळ्याच्या डोक्यासारख्या हिरव्या गाठी यायच्या. आपण त्या नखानं फोडायचो. आत काहीच दिसायचं नाही, आणि 'पानाला देवी आल्या' असं म्हणून आपण पान टाकून द्यायचो. त्या गाठीत काहीतरी असायचं, भरपूर असायचं. फक्त ते दिसण्यासाठी निदान चाळीस-पन्नास पट मोठं करायला हवं होतं.

गाठ उभी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की आत एक पोकळी दिसते. तिच्या भिंतींवर लव असते आणि त्या लवीत गाजरासारखे, फिकट पिवळसर, अगदी सावकाश हलणारे जीव असतात. लांबी मिलीमीटरचा पाचवा भाग. पट्टीवरच्या एका मिलीमीटरच्या घरात असे पाच जण एकामागे एक रांगेत मावतील. जाडी साधारण आपल्या केसाएवढी. करंजावरच्या या जातीचं शास्त्रीय नाव असेरिया पोंगामी. या सगळ्या कुळाला इरिओफाईड म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'लोकर उगवणारा' असा काहीसा होतो. का, ते पुढे येईल.

आता विचित्रपणा. कोळी म्हटलं की आठ पाय. विंचू, गोचीड, घरातला कोळी, सगळे आठ पायांचे. या पठ्ठ्याला चारच. तेही सगळे पुढे, तोंडाजवळ. मागचं लांब शरीर कड्याकड्यांचं, गांडुळासारखं. डोळे नाहीत. श्वासासाठी नळ्या नाहीत. शरीर एवढं लहान की कातडीतूनच भागतं. शेपटीच्या टोकाला चिकटून राहायची सोय आहे. पायांच्या टोकाला नखाऐवजी पिसासारखी एक फांदीदार रचना असते. जाती ओळखताना शास्त्रज्ञ या पिसाला किती फांद्या आहेत ते मोजतात, कारण मोजायला बाकी फारसं काही शिल्लक नसतं.

आमच्या धंद्यात एखादा प्रोग्रॅम छोटा करायचा असेल तर नको असलेला कोड काढत जातात. इथे निसर्गानं तेच केलंय. टोमॅटोवर याच कुळातला एक कोळी पडतो, पानं आणि खोड तांबूस करून टाकतो. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०२० साली प्रसिद्ध झाला. एकूण अक्षरं ३.२५ कोटी. तोवर वाचल्या गेलेल्या संधिपाद प्राण्यांच्या, म्हणजे कीटक, कोळी, खेकडे या सगळ्यांच्या जनुकसंचांत हा सर्वांत लहान निघाला. माणसाचा साधारण ३०० कोटींचा. मी हिशेब केला: प्रत्येक अक्षराला दोन बिट धरले तर हा अख्खा प्राणी आठ एमबीत बसतो. या मेळाव्याच्या ग्रुपवर काल रात्री कुणीतरी गाणं म्हणतानाचा व्हिडिओ टाकला, तो याहून मोठा होता.

आणि गंमत म्हणजे जनुकांची संख्या तेवढी कमी नाही. कमी झालंय ते जनुकांच्या मधलं रिकामं सामान. बहुतेक प्राण्यांत जनुकाच्या मजकुरात मध्ये मध्ये वगळायचे तुकडे असतात. या कोळ्याच्या ८० टक्क्यांहून जास्त जनुकांत असे तुकडेच नाहीत. विष पचवण्याची आणि आजूबाजूचा वास-चव ओळखण्याची जनुकंही फार घटलेली आहेत. साहजिक आहे. जो जन्मभर एकाच झाडाचं खातो त्याला मेनूकार्ड वाचता येऊन काय करायचंय?

एकाच झाडाचं, हे मी उगाच म्हणत नाही. या कुळातल्या आजवर सुमारे ५,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच जातीच्या वनस्पतीवर किंवा तिच्या जवळच्या भाऊबंदांवर सापडल्या आहेत. करंजाचा कोळी आंब्यावर जगत नाही, आंब्याचा लिचीवर नाही. गवतं, नेचे, देवदार, वड, गुलाब, शोधाल त्या कुळात आपापला कोळी निघतो. एकाच झाडावर दोन-तीन जाती वाटण्या करून राहतात: एक कळीत, एक पानाच्या पाठीवर उघड्यावर, एक गाठीत. त्यामुळे नोंद न झालेल्या जाती नोंदलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त असणार, हे सगळे जाणकार मानतात. त्या शोधायला माणसं कमी पडतात, कोळी नाही.

हे सगळे गाठी करत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. कित्येक नुसते पानावर भटकतात आणि पान थोडं गंजल्यासारखं दिसतं. पण गाठी करणारे कसं करतात ते ऐकण्यासारखं आहे. कोळ्याच्या तोंडात बारीक सुया असतात, मिलीमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या. त्या पानाच्या अगदी वरच्या थरातल्या पेशींपर्यंतच पोचतात. त्या पेशीत तो लाळ सोडतो आणि रस पितो. पान पूर्ण वाढलेलं असेल तर एवढ्यानं काही होत नाही. पण पान अजून कळीत घडी घालून बसलेलं असेल, पेशी वाढीच्या भरात असतील, तर त्या लाळेमुळे तिथली वाढ भलतीकडे वळते. भोवतालचा भाग फुगतो, पिशवीसारखा बाहेर येतो, पानाच्या दुसऱ्या बाजूला एक बारीक तोंड उरतं, आत लव उगवते, पेशी रसाळ होतात. घर झाडानं बांधलं, सामान झाडाचं, रेशन झाडाचं. पुष्कळ जातींत एका गाठीची सुरुवात एकच मादी करते, आणि मग आत तिचा सगळा गोतावळा वाढतो.

काही जाती पिशवी करत नाहीत, पानावर नुसती लव उगवतात. मोगऱ्याच्या पानावर पांढरी लव दाटलेली कधीतरी पाहिली असेल. लिचीच्या पानामागे ती तपकिरी मखमलीसारखी असते. युरोपातल्या जुन्या वनस्पतीशास्त्रज्ञांना ही लव म्हणजे बुरशी वाटली आणि त्यांनी तिला बुरशीची म्हणून शास्त्रीय नावंही देऊन टाकली. लोकर उगवणारा हे नाव त्यावरूनच. चार पायांचा हा प्राणी म्हणजे दुसऱ्या कुणाचं अर्धवट पिल्लू असावं, असंही पुष्कळ दिवस मानलं जाई. पुढे ऑस्ट्रियात आल्फ्रेड नालेपा आणि नंतर कॅलिफोर्नियात हार्टफर्ड कायफर यांनी आयुष्यभर बसून शेकडो जातींची वर्णनं लिहिली. आपल्याकडे बंगळूरच्या चन्नबसवण्णांनी १९६६ साली भारतीय इरिओफाईडांवर एक मोठा ग्रंथ काढला. कायफरनं या जीवांची चित्रं काढली आहेत आणि ती इतकी नेटकी आहेत की बाईंनी दहापैकी दहा दिले असते.

झाडांच्या सगळ्याच गाठी कोळ्यांच्या नसतात. बाळाच्या गुटीत आपल्या आज्या मायफळ उगाळायच्या, ते फळ नाहीच. ओकच्या झाडावर एका जातीच्या बारीक गांधीलमाशीनं करवलेली ती गाठ आहे. खोकल्याच्या औषधातली काकडशिंगी हीसुद्धा हिमालयातल्या एका झाडावर माव्यानं केलेली गाठ. म्हणजे आपण सगळे गाठींवरच वाढलो आहोत. नाव फक्त फळाचं आणि शिंगाचं.

संसाराचं म्हणाल तर नर आणि मादी एकमेकांना भेटतच नाहीत. नर पानावर बारीक देठावर ठेवलेली बीजाची पुडी सोडून जातो, मादी वाटेत सापडली तर ती उचलते. पुडी मिळाली तर तिला मुलीही होतात, नाही मिळाली तर फक्त मुलगे. अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत उबदार हवेत आठवडा-दीड आठवडा. थंड देशांत काही जातींच्या माद्या दोन प्रकारच्या असतात: उन्हाळ्यातली वेगळी, आणि हिवाळा सालीच्या फटीत काढणारी वेगळी. दोघी दिसायला एवढ्या निराळ्या की पूर्वी त्यांची दोन जाती म्हणून नोंद झाल्याची उदाहरणं आहेत.

आता प्रवास. डोळे नाहीत, पंख नाहीत, चार पायांवर सरपटत दिवसभरात किती जाणार? पान जुनं व्हायला लागलं की हे कोळी पानाच्या कडेला येतात, शेपटीच्या टोकावर ताठ उभे राहतात आणि वाऱ्याची वाट पाहतात. झुळूक आली की निघाले. कुठे उतरायचं ते हातात नाही. ज्या एका झाडावर जगता येतं, नेमकं त्यावर, तेही कोवळ्या भागावर पडलं तर वाचले, नाहीतर संपले. लाखांतले बहुतेक संपतात. आमच्याकडे नेटवर्कवर असा एक प्रकार असतो: डेटा फेकायचा आणि पोचला की नाही ते विचारायचं नाही. मला ती पद्धत बेजबाबदार वाटायची. पण २०१२ साली इटलीतल्या डोंगरांत मिळालेल्या राळेच्या थेंबांत याच गटाचे कोळी सापडले, २३ कोटी वर्षांपूर्वीचे. चार पाय, लांबट अंग, सगळं जवळपास असंच. तेव्हा पृथ्वीवर फुलझाडंसुद्धा आली नव्हती. पद्धत चालते एवढं मान्य करायला हवं.

पुण्यात आमच्या सोसायटीत या कोळ्यांवरून भांडण झालं. करंजाची पानं 'रोगट' दिसतात, रोग घरात शिरेल, झाडंच काढून टाका, असा ठराव आला. मी सूक्ष्मदर्शक घेऊन सभेला गेले आणि गाठीतलं सगळं मोठ्या टीव्हीवर दाखवलं. त्याचा परिणाम उलटाच झाला. दोन काकू किंचाळल्या. शेवटी झाडं वाचली, पण फवारणी करायची ठरली. गाठ एकदा तयार झाली की आतल्या कोळ्यावर बाहेरून मारलेलं औषध पोचत नाही, आणि मोठ्या करंजाला या गाठींनी फारसं काही होतही नाही, हे मी सांगितलं. तरी फवारणी झाली. पुढच्या चैत्रात नवी पालवी आली, तिच्यावर गाठीही आल्या. झाडं मजेत आहेत.

पण सगळीकडे असं हसण्यावारी नेता येत नाही. आपल्यातल्या दोघी लग्न होऊन कोकणात गेल्या, त्यांना नारळाचा कोळी माहीत असेल. हा मूळचा अमेरिका खंडातला. १९६५ साली कायफरनं मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव असेरिया गेरेरोनिस. आपल्याकडे तो १९९८ साली केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि बघता बघता नारळ पिकवणाऱ्या सगळ्या राज्यांत पसरला. नारळाच्या देठाजवळ टोपीसारखी पाकळ्यांची जी पकड असते, तिच्याखाली कोवळ्या भागावर तो राहतो. आधी टोपीखालून एक पांढुरका त्रिकोण डोकावतो, मग तो तपकिरी होतो, साल खरखरीत होते, चिरा पडतात आणि नारळ लहान राहतो. इथेही तीच अडचण: तो टोपीखाली सुरक्षित. कासरगोडच्या संशोधन केंद्रानं कडुनिंबाचं तेल, लसूण आणि साबण यांचं मिश्रण कोवळ्या फळांवर मारायची शिफारस केली. त्याला खाणारे दुसरे कोळी आहेत, त्याच्यावर वाढणारी एक बुरशी आहे. यांतलं कुठलंच एकदा करून मोकळं होण्यासारखं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला ते. तूर.

आपल्यातल्या निम्म्यांच्या घरी तूर होती. माझ्याही. मी सातवीत असताना आमच्या काकांच्या वाट्याच्या तुकड्यात तूर अशी तरारली की येणारे-जाणारे थांबून बघायचे. हिरवीगार, झुडपासारखी दाट. दसरा गेला, शेजारच्या रानात फुलं पिवळी झाली, आमच्या तुरीला एक फूल नाही. दिवाळी गेली. पानं बारीक, फिकट आणि गडद हिरव्या ठिपक्यांची. शेंग नाहीच. गावानं नाव सांगितलं: वांझ. तूर वांझ गेली.

काकूला मूल नव्हतं. पेरणीच्या वेळी ओटीतलं बी तिनं सोडलं होतं. पुढचं इथल्या बायकांना सांगायला नको. कुणी तोंडावर बोललं नाही, पण त्या साली मध्येच काकूनं त्या रानात जाणं बंद केलं. आणि पुढच्या पेरणीला ओटी दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला होती. काकू तूर निवडायची, भरडायची, डाळ करायची. पेरायला मात्र परत कधी गेली नाही. काकूला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

या रोगाची पहिली नोंद १९३१ सालची आहे, बिहारातल्या पुसा इथली. कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो हे साठच्या दशकात सिद्ध झालं. त्या कोळ्याचं नाव असेरिया कजानी. हा गाठी करत नाही, लव उगवत नाही, पान वाकडंही करत नाही. तुरीच्या कोवळ्या पानाच्या मागच्या बाजूला, पानाच्या स्वतःच्याच लवीत तो राहतो, आणि एरवी त्याच्या असण्याचा झाडाला पत्ताही लागत नाही. पण त्याच्यातून जातं काय? लाळेतलं विष की विषाणू की आणखी काही? यावर आणखी कित्येक वर्षं गेली. रोगट झाडाचा रस काढून दुसऱ्याला लावला तर रोग नीट लागेना, विषाणू असलाच तर तो इतका नाजूक की वेगळा काढता येईना. आमच्याकडे जो बिघाड समोर बसून घडवून दाखवता येत नाही, तो सगळ्यांत अवघड समजतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. तिथल्या लोकांनी सत्तरच्या दशकात एक युक्ती काढली: रोगट झाडाचं पान घ्यायचं, निरोगी रोपाच्या पानावर घडी घालून चक्क स्टेपलरनं टाचायचं. रोगट पान सुकलं की कोळी आपण होऊन निरोगी पानावर चालत जातात. एवढ्या साध्या कामानं हजारो वाणांची परीक्षा घेता आली. आणि २००० साली, म्हणजे पहिल्या नोंदीनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, तिथल्याच शास्त्रज्ञांनी विलायतेतल्या सहकाऱ्यांबरोबर तो विषाणू शोधून दाखवला.

२००० साली मी इंजिनिअरिंगला होते. ही बातमी काकूपर्यंत कधीच पोचली नाही. माझ्यापर्यंतच ती पोचली लॉकडाऊनमध्ये.

त्या रानाचं काय झालं असेल ते आता साधारण सांगता येतं. हा विषाणू बियाण्यातून येत नाही. जमिनीतूनही येत नाही. तो जिवंत झाडातून कोळ्यात आणि कोळ्यातून जिवंत झाडात जातो. उन्हाळ्यात शेतं मोकळी असतात तेव्हा कोळी राहतो कुठे? विहिरीजवळ, परसात, बांधावर राहिलेल्या तुरीवर. काढणीनंतर खोडाला फुटलेल्या धुमाऱ्यांवर. तुरीच्या रानटी भाऊबंदांवर. पावसाळ्यात नवं पीक उगवलं की वारा त्याला नेऊन सोडतो. रोप दीड महिन्याच्या आत सापडलं तर त्याला जवळपास काहीच लागत नाही. उशिरा सापडलं तर काही फांद्या वाचतात. आमच्या विहिरीवर आईनं दोन वर्षं राखलेली तुरीची चार झाडं होती, हिरव्या शेंगा भाजायला. ती ओळीनं डोळ्यांपुढे येतात. अर्थात तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्या भागाचं एक काम इथे आवर्जून सांगते. जालना जिल्ह्यातलं बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र, परभणीच्या विद्यापीठाचं. तिथून आलेली बीएसएमआर ७३६ ही तूर तुमच्यापैकी पुष्कळांनी पेरली असेल. तांबडा दाणा. ८५३ पांढऱ्या दाण्याची. हे वाण मर आणि या रोगाला दाद देत नाहीत म्हणूनच पुढे आले. नंतर तिथूनच लवकर येणारी बीडीएन ७११ आली. डाळीच्या डब्यावर यांतलं काही लिहिलेलं नसतं. मात्र विषाणूचे प्रकार जागोजागी वेगळे आहेत. पाटणचेरूला टिकलेला वाण बंगळूरकडे टिकेलच असं नाही. म्हणून कुणी 'प्रतिकारक' म्हटलं की 'कुठे?' एवढं विचारून घ्या.

नावाबद्दलही बोलते. कृषी पुस्तिकांत अजून 'वांझ रोग' छापतात, त्याला पर्यायी म्हणून 'वंध्यत्व' असतं, ते तर जास्तच भरजरी. मला विचाराल तर 'तुरीचा मोझॅक' पुरे आहे. पानावरच्या ठिपक्यांवरून दिलेलं नाव, कुणाच्या घरात शिरणारं नाही. आपल्या बॅचचे दोघे कृषी खात्यात आहेत. त्यांनी मनावर घेतलं तर निदान आपल्या तालुक्याच्या पत्रकांत हे होऊ शकेल. काल रात्री जेवताना मी हे बोलले तेव्हा एक जण म्हणाला, "नावानं काय होतं? शेतकऱ्याला समजतंय ना!" समजतं, हे खरंच. तेच तर मी म्हणतेय.

शेती करणाऱ्यांसाठी दोनच कामाच्या गोष्टी, त्याही माझ्या नाहीत, बदनापूर-पाटणचेरूच्याच. पेरणीनंतर पहिल्या महिना-दीड महिन्यात बारीक, ठिपकेदार पानांचं रोप दिसलं की उपटा आणि रानाबाहेर नेऊन नष्ट करा. पुढे तरारेल या आशेवर ठेवू नका. आणि काढणीनंतर खोडाला फुटवे येऊ देऊ नका, विहिरीवरची, परसातली जुनी तूर उन्हाळ्यात राखू नका. हे एकट्यानं करून भागत नाही. कोळी वाऱ्यानं येतो, त्याला बांध कळत नाही. शिवारातल्या सगळ्यांनी केलं तर उपयोग.

सध्या तुरी वाळायला लागल्या आहेत. आज इकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पडलेल्या रानात मध्येच हिरवीगार झुडपं दिसत होती, शेंगा नसलेली. गाडी थांबवून मालकाला विचारून मी त्यांतल्या एकाचे चार शेंडे तोडून आणले आहेत. मालक म्हणाला, "ताई, ते न्या की सगळंच, त्याला काही लागायचं नाही." जेवणानंतर विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी सूक्ष्मदर्शक लावून ठेवते. सरांनी किल्ली दिली आहे. ज्यांना बघायचंय त्यांनी यावं, मुलांनाही आणावं. पान सुकायच्या आत या, कारण ते सुकलं की कोळी निघून जायला लागतात. आणि पान उलटं धरा. ते मागच्या बाजूला असतात.